साताऱ्यात बीएस्सी झूलॉजी करतेय. ऑटिझम आणि मेंदूवर संशोधन करता येईल का?

कोरेगावची

नमस्कार. मी साताऱ्यात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय झूलॉजी. रोज कोरेगावहून एसटीने येऊन-जाऊन करते. नीटला मार्क कमी पडले. रिपीट करायची घरची परिस्थिती नाही आणि आता माझीही तशी इच्छा नाही.

माझ्या मावशीचा मुलगा सात वर्षांचा आहे. तो ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे असं गेल्या वर्षी पुण्यात सांगितलं. तोवर "पोरगे उशिराच बोलतात, ह्याचा बाप पण चार वर्षांनी बोलला" हेच ऐकत वेळ गेला. तो अजून वाक्य बोलत नाही. पण रहिमतपूरकडे जाणारी गाडी कुठली आणि पुसेगावकडे जाणारी कुठली, हे घरात बसून नुसत्या आवाजावरून ओळखतो आणि त्या-त्या दिशेला बोट करतो. मी गच्चीवर उभी राहून पडताळून बघितलंय. कुकरची शिट्टी मात्र सहन होत नाही, कान दाबून परसात पळतो. रोजची शिट्टी, रोजचा कुकर, तरी रोज तेवढाच घाबरतो. एकाच कानाला एक आवाज इतका आवडीचा आणि दुसरा इतका नकोसा कसा, हे मला समजून घ्यायचंय. मावशीच्या सासरचे म्हणतात की हिने मोबाईल हातात दिला म्हणून असं झालं. तिला काय उत्तर द्यावं तेही कळत नाही.

डॉक्टर न होता यावर संशोधन करता येतं का? कुठं शिकायचं? पैसे मिळतात का, की घरून घालावे लागतात? पप्पा म्हणतात बी.एड. कर नाहीतर एमपीएससीला बस. आणि मुख्य म्हणजे, मी हे केलं तर माझ्या भावाला त्याचा काही उपयोग होईल का?

तासगावची

अगं, तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मी तासगावची. वडिलांची द्राक्षबाग. बीएस्सी सांगलीत विलिंग्डनला, एमएस्सी पुण्यात, पीएचडी बंगळूरला, मग काही वर्षं एडिनबरा, आणि आता परत बंगळूरला एका प्रयोगशाळेत. ऑटिझम आणि मेंदू हेच माझं काम. मी एमबीबीएस नाही. निदान करणं, औषध देणं हे डॉक्टरांचं काम. मेंदूत काय चाललंय ते मोजणं हे आमचं. त्याला विज्ञानाची पदवी लागते, नीट लागत नाही.

आधी कुकरचं बोलते. एकच आवाज पुन्हा पुन्हा कानावर पडला की बहुतेकांचा मेंदू त्याला दिलेला प्रतिसाद कमी करत नेतो. डोक्यावर पंखा फिरत असतो आणि थोड्या वेळाने तो ऐकूच येत नाही. काही अभ्यासांत असं दिसलं की ऑटिस्टिक मुलांमध्ये हा प्रतिसाद तितका उतरत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीतले पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली असं मांडलं की पुढच्या क्षणी काय होणार याचा अंदाज बांधणं या मेंदूला अवघड जातं. अंदाजच नसेल तर दहावी शिट्टीही पहिल्यासारखीच अंगावर येणार. उलट एसटीच्या इंजिनाचा आवाज लांबून चढत येतो, वळणावर बदलतो, रोज त्याच क्रमाने. तुझ्या भावाला तो का आवडत असेल याबद्दल माझ्या मनात लगेच दोन-तीन शक्यता आल्या, आणि त्या प्रयोगाने तपासता येतील. पवन सिन्हांची ती कल्पनाही अजून कल्पनाच आहे. ती खरी की खोटी हे ठरवण्यात माझ्यासारख्यांचे दिवस जातात. आवाज आणि स्पर्श यांची ही संवेदनशीलता अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानाच्या निकषांत आली २०१३ साली. आया त्याच्या कितीतरी आधीपासून हेच सांगत होत्या.

हे मोजतो ईईजीने, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपून. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल, मग स्पीकरवर एकच "टूं" पुन्हा पुन्हा आणि मध्येच एक वेगळा आवाज. मेंदूने तो वेगळेपणा टिपला का, किती वेळात टिपला, ते आलेखात दिसतं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडच्या आया मुलाला मोठ्या ठिकाणी न्यायचं म्हणून चांगलं चपचपीत तेल लावून, भांग पाडून आणतात. खोबरेल तेलावर इलेक्ट्रोड नीट संपर्क धरत नाही. स्क्रीनवरचा विजेच्या अडथळ्याचा आकडा खाली येत नाही आणि मूल कंटाळून टोपी ओढायला लागतं. म्हणून आम्ही आदल्या दिवशी फोन करून सांगतो की केस शाम्पूने धुवा, तेल नको. एक जुनी टोपी आधीच घरी पाठवतो. मुलाने ती हाताळावी, बाहुलीला घालावी, बाबांना घालावी. एवढं करूनही मुलाने हाताने टोपी सारली तर तो नकार, आणि आम्ही तिथेच थांबतो. जे मूल तोंडाने "नको" म्हणू शकत नाही त्याचा नकार ओळखायला शिकणं हे मला या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य वाटतं, आणि ते कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

एमआरआय याहून कठीण. यंत्राचा धडाधड आवाज आणि आत अजिबात न हलता पडून राहायचं. त्यामुळे मेंदूच्या चित्रांच्या बहुतेक अभ्यासांत बोलणारी, सूचना पाळणारी मुलंच असतात. तुझ्या भावासारखी मुलं त्या आकड्यांत जवळजवळ नाहीतच. माझ्या मते हा आमच्या क्षेत्रातला सर्वांत मोठा खड्डा आहे. काहीजण तो भरायला लागलेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने ऑटिस्टिक मुलांना बोललेले शब्द आणि गायलेले शब्द ऐकवले. बोललेल्या शब्दांच्या वेळी मेंदूच्या दोन भागांमधला जो जोड कमी दिसत होता, तो गायलेल्या शब्दांच्या वेळी टिकून होता. २०१५ चा शोधनिबंध आहे. शोधून वाच, इंग्रजी जड गेलं तरी आकृत्या बघ.

आता मावशीबद्दल. तिला सांग की आईच्या डोक्यावर खापर फोडायचा उद्योग जुना आहे आणि विज्ञानाने तो खोडून काढलाय. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं, तेव्हापासून पुढची दोन-तीन दशकं पाश्चात्त्य देशांत मोठमोठे डॉक्टर सांगत होते की आई मायेने थंड असते म्हणून मूल असं होतं. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या २१ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. एकसारख्या, म्हणजे सगळी जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं ऑटिस्टिक होती. वेगळ्या, म्हणजे साध्या भावंडांइतकीच जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नव्हती. म्हणजे मूळ बऱ्याच अंशी जनुकांत आहे. आज शंभराहून जास्त जनुकांचा संबंध सापडलाय आणि मेंदूतले बदल बाळाच्या जन्माआधीपासून सुरू होतात असे पुरावे आहेत. पोटातल्या बाळाला कोणी मोबाईल देत नाही. लसीचा विषय कोणी काढलाच तर हेही सांग की ज्या निबंधाने १९९८ मध्ये लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती पसरवली तो १२ मुलांवरचा होता आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासली, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. काही संबंध सापडला नाही.

तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सरळ सांगते. भावासाठी औषध शोधायचं म्हणून या क्षेत्रात येऊ नकोस. माझी पीएचडी फ्रॅजाइल एक्स या आजाराच्या उंदरांवर झाली. एकाच जनुकातला बिघाड, त्यात बऱ्याच मुलांना ऑटिझम असतो. मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांवर प्रथिनं तयार होण्याला लगाम घालणारं एक प्रथिन या मुलांत बनत नाही, त्यामुळे ते काम बेसुमार चालतं. विशिष्ट औषधाने तो वेग कमी केला की उंदीर सुधारत होते, प्रयोगामागून प्रयोगांत. दोन बड्या औषध कंपन्यांनी माणसांवर चाचण्या घेतल्या. २०१४ च्या सुमारास त्या थांबल्या, औषध दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत फरक दिसला नाही. प्रयोगशाळेत त्या दिवसांत सगळे गप्प होते. मी तेव्हा फार अस्वस्थ झाले. मुलांकडे, ईईजीकडे वळले त्याचं ते एक कारण.

दुसरी बाजूही आहे. रेट सिंड्रोम हा बहुतेक करून मुलींना होणारा आजार. मुलगी वर्ष-दीड वर्ष नीट वाढते, मग हातांचा वापर आणि बोलणं हरवतं. १९९९ मध्ये हुदा झोगबी यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं. २००७ मध्ये एडिनबराच्या एड्रियन बर्ड यांनी दाखवलं की उंदरात ते जनुक पुन्हा चालू केलं की मोठ्या वयातही लक्षणं मागे फिरतात. पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं २०२३ मध्ये, आणि त्यानेही आजार बरा होत नाही, थोडा आराम पडतो. जनुकापासून औषधापर्यंत २४ वर्षं. तुझा भाऊ तोवर तिशी ओलांडेल. पण तो काय ऐकतो, त्याला काय टोचतं, त्याला शिकवायची वाट कुठून जाते, हे कळायला इतकी वर्षं लागत नाहीत. त्यासाठी ये.

एक गोष्ट तुला मुद्दाम सांगते, कारण तू आपल्या भागातली आहेस. तासगावात एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी झाली नाही तर वेल नुसता पानात जातो. मेंदूचंही असंच आहे. लहानपणी जोडण्या भरमसाट तयार होतात आणि वाढताना त्यांची छाटणी होते. कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड सल्झर यांच्या गटाने २०१४ मध्ये मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंत या जोडण्यांची दाटी मोजली. इतर मुलांत बालपण सरेपर्यंत ती जवळपास निम्मी झाली होती, ऑटिस्टिक मुलांत फक्त १६ टक्क्यांनी उतरली होती. मेंदू थोडेच होते, त्यामुळे यावर शेवटचा शब्द म्हणून बोट ठेवू नकोस. मला सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना माझं काम समजावून सांगता आलं ते यामुळे. त्यांनी लगेच विचारलं, "मग छाटणी कमी झाली तर फळ येतच नाही की वेगळं येतं?" मी तो प्रश्न अजून माझ्या विद्यार्थ्यांना विचारते.

पैसे. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली की २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएचडी घरच्या पैशाने करायची नसते. पण विद्यावेतन कधीकधी महिनोन् महिने उशिरा येतं आणि कायमची नोकरी पस्तिशीच्या आसपास लागली तर लागली. पप्पांना हे आधीच सांग, झाकून ठेवू नकोस. लग्नाचा विषय निघेल तेव्हा पुन्हा सगळं समजावत बसावं लागतं, तेव्हा घरातलं एक तरी माणूस आपल्या बाजूचं असलेलं बरं.

वाटा अशा. बीएस्सीनंतर जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी, किंवा टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि तिचं बंगळूरचं जीवशास्त्र केंद्र एनसीबीएस यांची परीक्षा, जिला सगळे जेजीबिल्स म्हणतात, ती देऊन एकत्रित एमएस्सी-पीएचडी. मानेसरचं केंद्र, बंगळूरची आयआयएससी, एनसीबीएस, जवाहरलाल नेहरू केंद्र आणि निम्हान्स या जागा बघ. त्याआधी देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप असते, कॉलेजच्या मुलांसाठी. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. माझं आयुष्य त्या दोन महिन्यांनी बदललं. फॉर्म नोव्हेंबरच्या आसपास निघतात, लक्ष ठेव.

मिरज जंक्शन

मी मिरजेत स्पीच थेरपिस्ट आहे. तासगावच्या ताईंनी लिहिलंय ते सगळं बरोबर, पण मला एक वेगळं सांगायचंय. सातारा, सांगली, कोल्हापूर धरून मुलं किती आणि थेरपिस्ट किती याचा विचार कर. माझ्याकडे जतहून, आटपाडीहून आया येतात. पहाटेची गाडी धरायची, मूल कडेवर, ४५ मिनिटांची थेरपी, आणि परत संध्याकाळपर्यंत घर. बीएएसएलपी, म्हणजे वाचा आणि श्रवण उपचाराची पदवी, करून तू साताऱ्यात बसलीस तर पाच-सहा वर्षांत शेकडो मुलांना तुझा उपयोग होईल. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग ही सरकारी आणि उत्तम संस्था आहे. मेंदूचा शोध लागेपर्यंत मूल थांबत नाही.

आणि भावासाठी आत्ता काय करायचं ते ऐक. श्रवणचाचणी झाली नसेल तर आधी ती. गाड्या ओळखतो म्हणून सोडून देऊ नका. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, १८ वर्षांपर्यंत मोफत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ दिव्यांगत्वं आहेत, त्यात ऑटिझम आहे. यूडीआयडी हे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र काढा, मग केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा मिळतो, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात येतो. कुकरचं म्हणाल तर शिट्टीच्या आधी त्याला दरवेळी तीच खूण करून सांगा, चित्र दाखवा, आणि त्याला दुसऱ्या खोलीत जायची मुभा द्या. बळेबळे सवय लावायला जाऊ नका.

कराडचा बाबा

माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. संशोधक व्हायचं असेल तर माझं एवढं ऐक बाळा. तो लहान असताना एका मोठ्या शहरातल्या संस्थेतली माणसं आली होती. इंग्रजीत छापलेले लांबलचक फॉर्म. प्रश्न वाचून मराठीत अर्थ सांगत होते, तेही घाईत. "मूल वाढदिवसाच्या पार्टीत इतरांशी कसं वागतं?" आमच्याकडे तेव्हा वाढदिवसाच्या पार्ट्या नव्हत्या, जत्रा होती, लग्नं होती, वरात होती. बँडसमोर तो काय करायचा हे मी त्यांना अर्धा तास सांगितलं असतं, पण तसा रकानाच नव्हता. मुलाच्या गालातून नमुना घेतला. परत कोणी आलं नाही. काय सापडलं तेही कळवलं नाही. आम्ही बरीच वर्षं पोस्टाची वाट बघितली.

दुसरं म्हणजे सगळे अभ्यास लहान मुलांवर. १८ नंतर काय? माझा मुलगा आमच्या भावाच्या रोपवाटिकेत पिशव्या भरतो, एकही पिशवी कमी-जास्त भरत नाही. त्याला झोप लागत नाही, रात्र-रात्र फेऱ्या मारतो, ते का, हे मला कोणी सांगितलेलं नाही. तो बरा व्हावा असं मी आता म्हणत नाही, तो आहे तसा मला हवाय. त्याला झोप मिळावी आणि आमच्यानंतर त्याच्याजवळ कोणी असावं, एवढंच मागणं आहे. यावर कोणी काम करतंय का?

तासगावची

बाबा, तुमचं वाचून फार वेळ तसंच बसले. फॉर्म आणि नमुना घेऊन न परतणं हा अन्याय आहे आणि तो आमच्या क्षेत्रात सर्रास होतो. आमच्या प्रयोगशाळेत आता प्रत्येक घराला निष्कर्ष त्यांच्या भाषेत पत्राने जातात, काही सापडलं नाही तर तेही लिहून. झोपेचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. ऑटिझममध्ये झोपेचा त्रास खूप जणांना असतो, मोठेपणीही जात नाही, आणि मोठ्यांवरचं काम खरंच अपुरं आहे. तोवर मुलाला मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्टना दाखवून फक्त झोपेबद्दल बोला. त्यावर उपाय असतात. फिट्स आहेत का हेही तपासून घ्या, ऑटिझमसोबत त्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं आणि काहींना त्या पौगंडावस्थेत सुरू होतात.

मिरजेच्या ताईंशी मी वाद घालणार नाही, त्यांचं काम माझ्याआधी हवं. फक्त एक जोडते. थेरपी कोणती आणि कोणी द्यायची, हेही संशोधनानेच ठरतं. गोव्यात आणि रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्यसेविका घरी जाऊन आईबापांना मुलाशी खेळायचं, त्याच्या पुढाकाराची वाट बघायचं शिकवत होत्या. मुलं आपणहून आईबापांशी जास्त संवाद सुरू करायला लागली. जतच्या आईने पहाटेची गाडी धरण्याऐवजी तिच्याच गावातल्या बाईने हे शिकवलं तर? असा अभ्यास साताऱ्यात करायचा तर कुकर, एसटी, वरात माहीत असलेली, आयांशी घरच्यासारखं बोलू शकणारी संशोधक हवी. कोरेगावच्या मुली, म्हणून तुला मी बी.एड. कर असं सांगत नाहीये.

कोरेगावची

ताई, काका, खूप आभार. मावशीला जुळ्यांचं सगळं वाचून दाखवलं. तिने ते सासूबाईंसमोर परत मोठ्याने वाचायला लावलं. श्रवणचाचणी झालेली नाही, पुढच्या आठवड्यात साताऱ्याला नेतोय.

एकच विचारायचं राहिलं. बारावीला मला गणित नव्हतं, फक्त बायोलॉजी ग्रुप होता. अडेल का?

तासगावची

प्रवेश बहुतेक ठिकाणी अडणार नाही, पण काम अडेल, म्हणून आत्ताच सुरू कर. संख्याशास्त्र आधी: सरासरी, प्रमाण विचलन, टी-टेस्ट, सहसंबंध. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्याख्यानांच्या साइटवर फुकट आहे. मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. ईईजीची माहिती पायथनमध्येच उलगडतात, आणि जगभरातल्या प्रयोगशाळांनी खुली ठेवलेली खरी ईईजी माहिती घरबसल्या उतरवून घेता येते. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये विचार, शनिवारी बसू देतात का. एसटीत रोज जो वेळ जातो त्यात एकेका शोधनिबंधाचा फक्त सारांश वाचत जा. आणि श्रवणचाचणीचा रिपोर्ट आला की इथं लिही, नाव-गाव खोडून. मिरजेच्या ताई आणि मी दोघी बघू.